ओले गर

यंत्रानं तिसऱ्यांदा लाल दिवा दाखवला तेव्हा पणजीहून आलेला कारकून म्हणाला, "बोट नीट पूस गो."

नेमानं बोट पुन्हा ओढणीला पुसलं. पुसण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं. दहाही बोटांची कातडी काळी पडून सोलली होती, खालची गुलाबी नि गुळगुळीत. चौथ्यांदाही लाल.

नेमा टांझानियाची. व्हिसा संपला म्हणून परदेश्यांना ठेवायच्या पेडण्याच्या या सरकारी घरात सात महिने अडकलेली. आज ठसे उमटले की घरी जायचा कागद, आणि शुक्रवारचं विमान. पिशवी भरून तिनं सकाळीच दाराशी ठेवली होती.

"हातांक झालं काय हिच्या?" कारकुनानं विचारलं.

पहाऱ्यावरच्या चंद्रावतीनं घराचा कारभार बघणाऱ्या गोकुळदास साहेबांकडे पाहिलं. साहेब पंख्याकडे बघत होते. नार्व्याला त्यांची काजूची बाग. होळीच्या शिगम्यापासून रोज पोतंभर ओल्या बिया इथे येत, आतल्या बायका त्या चिरून सोलत, आणि गर शेकड्याच्या भावानं डिचोलीच्या बाजारात जात. त्या बियांच्या चिकानं हात जळतात हे पेडण्यात कुणाला शिकवावं लागत नाही. घरचं माणूस खोबरेल चोळल्याशिवाय बी हातात धरत नाही. चंद्रावतीनं खोबरेल दोनदा मागितलं होतं. बायकांची मजुरी एकदाच.

"मजुरी?" साहेब तेव्हा हसले होते. "बाये, आत ठेवलेल्या माणसाक काम करायची कायद्यानं मनाई. जे काम झालंच नाही, त्याची मजुरी कसली?"

आता ते कारकुनाला म्हणाले, "इकडचं पाणी सोसत नाही त्यांना. अंगाची सालं निघतात."

चंद्रावतीनं तोंड उघडलं, आणि नोकरीला अजून चार वर्षं आहेत हे आठवून मिटलं.

"कातडी येऊ दे नवी," कारकुनानं यंत्र पेटीत घातलं. "महिन्याभरानं बघू."

"महिनाभर ना? सावकाश या," साहेब म्हणाले. हंगामही तेवढाच उरला होता.

"दीदी," नेमा चंद्रावतीला म्हणाली, "शुक्रवार?"

चंद्रावतीनं दाराजवळची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली.

दुपारी साहेबांच्या घरून डबा आला. आठवड्याला एकदा यायचाच. पहाऱ्यावरच्यांना काजूगरांची उसळ. आजवर चंद्रावतीनं ती बोटं चाटत खाल्ली होती. तिनं झाकण काढलं. गर पांढरेशुभ्र, अख्खे. एकावरही साधा ओरखडा नव्हता.