तपकिरी पट्ट्याची पाचवी परीक्षा

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी घड्याळजींनी तपकिरी पट्ट्याच्या परीक्षेचा अर्ज भरला. पाचव्यांदा.

घड्याळजी म्हणजे बाजारात जिन्याखालच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे एकोणसाठ वर्षांचे गृहस्थ. कराटे क्लबात सगळे त्यांना याच नावाने ओळखत.

"काका, आज शेवटची संधी," अर्ज घेत सर म्हणाले. "एका पट्ट्याला पाच परीक्षा. सहावी नाही. नापास झालात तर क्लब सुटला."

"माहीत आहे."

"आणि पास झालात तर पुढची परीक्षा थेट मुख्य कार्यालयात, तीन नव्या परीक्षकांपुढे. आमच्या परीक्षक मॅडमच्या तावडीतून कायमचे सुटलात म्हणून समजा."

"तेही माहीत आहे," घड्याळजी म्हणाले. "आज मॅडमच येणार ना?"

"दुसरं कोण येणार?"

सरांना या माणसाचं कोडं होतं. तीन वर्षांत एकही वर्ग चुकवलेला नाही. काता, म्हणजे समोर नसलेल्या शत्रूंशी ठरलेल्या क्रमाने लढायचा प्रकार, घड्याळजी वर्गात अगदी रेखीव करत. परीक्षेत मात्र चारही वेळा एकाच वळणावर चुकले. उजव्याऐवजी डावा हात पुढे.

"गुरुवारी डोळे मिटून केलात," सर म्हणाले. "परीक्षेतच कुठे माशी शिंकते?"

"जन्माचा डावरा आहे. ऐन वेळी तोच हात आधी जातो."

तपकिरी पट्टा चार वेळा कपाटातून बाहेर निघाला होता आणि चार वेळा घडी करून परत गेला होता.

क्लबचा एक रिवाज होता. पास झालेल्याला सर पट्टा देत, परीक्षक लांबूनच मान लववत. नापास झालेल्याची चूक मात्र परीक्षकाने स्वतः जवळ जाऊन दुरुस्त करायची. त्याचा हात धरून, कोपर जागेवर ठेवून. सगळ्यांसमोर असं दुरुस्त होण्याची मोठ्यांना लाज वाटे.

हॉलबाहेरच्या बाकावर नर्स बसली होती. ती सरांची मेहुणी, आज तिचीही परीक्षा होती. तिच्यामुळेच क्लबाला बाहेरचा परीक्षक बोलवावा लागे. नात्यातल्या माणसाची घेतलेली परीक्षा रद्द धरत. गुणपत्रकावर त्यासाठी एक रकाना होता, आणि परीक्षक त्यात न वाचताच रेघ मारून मोकळे होत.

"भावोजींनी परीक्षा घेतली असती तर मी एव्हाना काळा पट्टा बांधून इंजेक्शनं दिली असती," नर्स म्हणाली. "मागच्या खेपेला मॅडम तुम्हाला बराच वेळ शिकवत होत्या हो."

"एक मिनिट चाळीस सेकंद."

"मोजलंत?"

"धंदाच तो."

"या वयात हे खूळ कुठून लागलं तुम्हाला?"

"घरी एक पांढरा पट्टा पडून होता."

"पट्टा पडून होता म्हणून कुणी कराटे शिकतं का?"

"एवढासा होता," घड्याळजींनी दोन्ही हातांनी लांबी दाखवली. "मला पुरला नाही."

नर्स हसली. घड्याळजीही थोडे हसले.

दहा वाजता मॅडम आल्या. तिशीच्या, शिडशिडीत, कामापुरतं बोलणाऱ्या. टेबलाशी बसल्या, डाव्या हातात पेन घेतलं आणि पहिलं नाव पुकारलं. नर्स पास झाली. मॅडमनी जागेवरूनच मान लववली.

घड्याळजींची पाळी दहा चाळीसला आली.

पहिली वळणं नेहमीसारखी झाली. मग ते वळण आलं. नर्सने दोन्ही मुठी आवळल्या. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची मागे सरकवली, जणू आता उठायचंच आहे.

घड्याळजी वळले. उजवा हात पुढे गेला.

काता संपला. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. नर्सने टाळी वाजवली आणि सरांनी डोळे वटारताच हात मागे घेतले.

घड्याळजी शेवटच्या पवित्र्यात तसेच उभे होते. मान लववायची, बाजूला व्हायचं, एवढंच उरलं होतं. ते हलले नाहीत.

मॅडम उठल्या आणि त्यांच्याजवळ गेल्या.

"आज चुकला नाहीत."

"नाही."

"का?"

"एकदा तरी नीट केलेलं दिसावं, म्हणून."

"कुणाला?"

मॅडमनी त्यांचं कोपर दोन बोटांनी धरलं आणि किंचित आत घेतलं. ते आतच होतं. हात मात्र त्यांनी लगेच काढला नाही. मग त्या टेबलाशी परत गेल्या, गुणपत्रक भरलं, पाकिटात घातलं आणि निकाल जाहीर व्हायची वाट न पाहता निघून गेल्या.

सरांनी कपाटातून पट्टा काढून खांद्यावर टाकला आणि पाकीट फोडलं. तोल, वेग, ताकद, क्रम. चारही ठिकाणी पूर्ण गुण. निकालाच्या जागी मात्र लिहिलं होतं : रद्द.

"हे काय भलतंच?" नर्स वाकून बघू लागली.

मॅडमची काही गफलत झाली असणार, म्हणून सरांनी फाइलमधून जुनी चार गुणपत्रकं काढून शेजारी मांडली. हॉलच्या मध्यावर घड्याळजी अजून त्याच पवित्र्यात उभे होते, कोपर आत.

शेवटचा रकाना होता : उमेदवाराचे परीक्षकाशी नाते. चार जुन्या कागदांवर तिथे रेघ होती. आजच्या कागदावर एकच शब्द होता.

वडील.