तीन मशिनींची एक

'ई' अक्षराचा दांडा तिसऱ्यांदा अडकला तेव्हा मोरोपंतांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टाइपरायटर आडवा पाडला.

"मधल्या मशीनचा काढा ना, मास्तर," कुंदा म्हणाली. "तिचा ई चांगला आहे."

"मधलीचं तं आतडंसुद्धा काढलं आपण. काय राहिलं तिच्यात?"

"ई राहिला."

मोरोपंतांनी पेचकस उचलला.

अंबापेठेतल्या त्यांच्या टायपिंग क्लासात मशिनी तीन होत्या. तिन्ही एकाच जातीच्या, एका बुडालेल्या जिनिंग फॅक्टरीच्या लिलावातल्या. एकीचा रोलर, दुसरीची स्प्रिंग असं करत दोघींना पोखरून तिसरी जगवणं सहा महिने चाललं होतं. एका मशीनवर किती पोरं शिकणार? चार गल्ल्या सोडून नव्या कोऱ्या मशिनींचा क्लास निघाला आणि विद्यार्थी तिकडे गेले. मोरोपंतांपाशी राहिली ती कुंदा.

त्यात शिक्षण खात्याचं पत्र आलं. नव्या नियमाप्रमाणे मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेचं प्रमाणपत्र वर्षअखेरपर्यंत दाखल करा, नाही तर क्लासची मान्यता रद्द. एकोणीसशे एकसष्टमधली ती शेवटची परीक्षा होती. रविवारी, अकोल्याला. केंद्रावर मशीन ज्याची त्याने न्यायची.

मोरोपंत स्वतः कुठल्या क्लासात गेले नव्हते की परीक्षेला बसले नव्हते. त्या जिनिंग फॅक्टरीत मशिनी दुरुस्त करता करता जे हाताला लागलं ते लागलं. पण शिकवण्यात त्यांचा हात धरणारा अमरावतीत कोणी नव्हता. अक्षरांवर जुन्या धोतराचं फडकं टाकायचं, रुळाने टेबल ठोकायचं आणि म्हणायचं, 'खाली पाहू नको.' वीस वर्षांत निम्मी कलेक्टर कचेरी त्या फडक्याखालून गेली होती. कुंदाही त्यांचीच. कोर्टातलं काम सुटलं की ती घरी न जाता आधी क्लासात येई.

रोज संध्याकाळी सराव होई. मधे घड्याळ, शेजारी उतारा. दहा मिनिटं टकटक, मग चुका मोजायच्या. मंगळवारी बावीस निघाल्या, बुधवारी एकोणीस. दहाच्या वर गेल्या की नापास.

"मशीनच्याच आहेत ह्या चुका," मोरोपंत म्हणाले. "दांडा अडकून राहिला."

"निम्म्या मशीनच्या," कुंदा म्हणाली. "निम्म्या भेवाच्या."

मोरोपंतांना अन्न गोड लागेना. पास झालं तर क्लास टिकणार, नाही तर पन्नाशीत पाटी उतरवून कोणाच्या तरी दुकानात मशिनी पुसत बसायचं. विचार नको म्हणून ते पुन्हा पेचकस घेत आणि चांगला चाललेला भागही एकदा खोलून पाहत. कुंदाने शेवटी पेचकस आपल्या पिशवीत टाकला.

शनिवारी चुका अकरा होत्या.

रविवारी निघताना मोरोपंतांच्या बायकोने, रमाबाईंनी, दोघांच्या हातावर दही घातलं आणि देवापुढचा अंगारा मशीनलाही लावला. मशीन गोधडीत गुंडाळून एसटीत कुंदाच्या मांडीवर. पायाशी उरलेल्या सुट्या भागांची पिशवी. हॉलतिकीट मोरोपंतांच्या खिशात होतं, ते त्यांनी बडनेरा यायच्या आत चारदा चाचपलं.

मूर्तिजापूरच्या पुढे गाडी खड्ड्यात आदळली आणि गोधडीत टण्ण झालं.

अकोल्याच्या शाळेच्या ओसरीत गोधडी सोडली तेव्हा कळलं. रोलर ओढणारा चामड्याचा पट्टा तुटला होता. घंटेला वीस मिनिटं होती. इतर उमेदवार आपापल्या चकचकीत मशिनी आत नेत होते. मोरोपंत पिशवी उपडी करून बसले. दांडे, स्क्रू, झिजलेलं रबर, आणि तळाशी पोखरलेल्या एका मशीनचा पट्टा, वाळून कडक झालेला.

"हा तं एका मिनिटात तुटते," ते म्हणाले.

कुंदाने पट्ट्याला खोबरेल चोळलं. डबीही तिनेच आणली होती. तिने सगळाच विचार केलेला दिसत होता. मोरोपंत पट्टा ओवू लागले, पण टोक भोकात जाईना.

"मास्तर, एवढे कावून भेऊन राहिले?"

"वीस वर्षांची अब्रू आहे, पोरी. आज गेली तं परत नाही येत."

"द्या इकडे."

पट्टा तिने ओवला आणि रोलर दोनदा सरकवून पाहिला. सरकला. दहा मिनिटं टिकेल की नाही हे देवाला ठाऊक.

मशीन दोघांनी मिळून आत नेली आणि भिंतीकडच्या टेबलावर ठेवली. मोरोपंतांनी 'ई' तीनदा दाबून पाहिला. कुंदाने कागद बसवला, समास लावला, उतारा डाव्या हाताला नीट ठेवला. तेवढ्यात घंटा झाली. परीक्षक म्हणाले, उमेदवार सोडून बाकीच्यांनी बाहेर जावं.

मोरोपंत हलले नाहीत. त्यांच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरला होता. कुंदाने पदराने चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला आणि खुर्ची मागे ओढली.

"बसा, मास्तर," ती हळूच म्हणाली. "अन् खाली पाहू नका." आणि पिशवी उचलून बाकीच्यांबरोबर बाहेर गेली.