राजाला ऐकू गेलं नाही

राजकन्येनं तळहात तोंडाशी आडवा धरला आणि ती दोन पावलं पुढं आली. म्हणजे आता स्वगत.

नांदूरघाटच्या जत्रेतल्या नाटकात स्वगताचा कायदा कडक आहे. मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकलेल्या माणसाला ते ऐकू जातं, हातभर अंतरावर उभ्या राजाला जात नाही. एका वर्षी प्रधानाचं काम करणाऱ्या गावातल्या बिभीषणानं राणीचं स्वगत ऐकून मान वळवली. तेव्हापासून तो पडदा ओढतो. कायदा दिग्दर्शक मन्मथप्पांचा. राजाही तेच. आणि राजकन्या झालेली शिवकन्या त्यांची खरीखुरी मुलगी.

लिहिलेलं स्वगत असं होतं : "हे वनदेवते, पिताश्रींनी योजिलेला वर मज मान्य आहे."

शिवकन्या म्हणाली, "माझी पोलीस भरतीत निवड झालीय. सोमवारी ट्रेनिंगला हजर व्हायचंय. आन् अप्पांनी उद्याच आष्टीच्या पाहुण्यांसंग माझी सुपारी ठेवली. घरी सांगायला गेलं की ते उठून दुकानात साखर जोखत बसतेत. मला हे लग्न करायचं न्हाई."

मंडप ढवळून निघाला. बायकांच्या बाजूनं पहिली टाळी आली, मग शिट्ट्या. पेंगणारे जागे होऊन शेजाऱ्याला विचारू लागले, काय म्हणली, काय म्हणली. विंगेत बिभीषण दोरी धरून उभा होता. पडदा टाकू का, असं तो डोळ्यांनी विचारत होता. राजानं तिकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ऐकलं असा अर्थ झाला असता.

पहिल्या रांगेतून आष्टीचे पाहुणे उठले. नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, "मन्मथप्पा, पोरगी काय म्हणती, ऐकलं का?"

राजा दूर बघत राहिला. राजाला पहिली रांग दिसत नाही. तिथं दुसऱ्या अंकापासून घनदाट अरण्य असतं.

"बोलत कावून न्हाई हा?"

"गप बसा की," मागून एक म्हातारी म्हणाली. "त्याला कसं ऐकू जाईल? स्वगत हाय ते."

पाहुणे बसले. आष्टीतही कायदा तोच आहे.

शिवकन्या मागं सरून आपल्या जागी उभी राहिली. आता वाक्य राजाचं होतं. मन्मथप्पांच्या मिशीचा डिंक एका बाजूनं सुटला होता. त्यांनी मुकुट सावरला, तळहात तोंडाशी आडवा धरला आणि ते दोन पावलं पुढं आले. या प्रवेशात राजाला स्वगत नाही.

"पाहुणे, माफी असावी," राजा अरण्याला म्हणाला. "पोरगी बोलायला लागली की मी साखर जोखायला जातो, हे खरं हाय. हितं तराजू न्हाई. उद्याची सुपारी ऱ्हाऊ द्या. सोमवारी मी सोता तिला ट्रेनिंगच्या गेटापतूर सोडायला जाणार हाय. तिला हे अजून सांगितलेलं न्हाई."

मंडपाचं कापड उडून जायचं तेवढं बाकी राहिलं. बिभीषणानं दोरी सोडून टाळ्या वाजवल्या.

मन्मथप्पा मागं सरले. हातभर अंतरावर शिवकन्येचं काजळ गालावर उतरलं होतं आणि मान हळूहळू त्यांच्याकडं वळू लागली होती.

राजा ओठ न हलवता पुटपुटला, "मान सरळ ठेव. तुला काई ऐकू आलेलं न्हाई."