शहाणं बाळ

बाळ रात्रभर रडलं नव्हतं. पाचवीचं जागरण करून निघालेल्या बायका अंगणात तेच बोलत होत्या.

"लई शानं हाय नातू, अंबूबाई. न्हाईतर आमच्या सारजाचं बघा. म्हैन्याचं झालं तरी घर डोक्यावर घेतंय."

सारजा हसली. पोर घरी सासूजवळ ठेवून आली होती, ती घाईनं निघाली.

त्या जाईपर्यंत शेजारची चंद्राबाई गोठ्याच्या आडोशाला उभी होती. पाचवीला तिला बोलावणं नव्हतं. येऊ नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज नव्हती. तिची दोन्ही लेकरं बारशाआधीच गेली होती.

"वैनी, वाईच ताक मिळंल का?"

"थांब, आनते," म्हणून अंबूबाई आत वळली.

एवढ्यात बाळंतिणीच्या खोलीतून हाक आली, "चंद्राकाकू, जरा हितं या."

कमळा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. लहानपणी ती चंद्राबाईच्याच कडेवर वाढली होती. चंद्राबाई घुटमळली, मग जाऊन उंबऱ्याच्या आत टेकली.

"ह्यो उठतच न्हाई, काकू," कमळा हळू आवाजात म्हणाली. "आधी लई प्यायचा. काल दुपारपासनं तोंडातच धरंना. माझी छाती दगडावानी झालीया."

चंद्राबाईनं हात पुढं केला, मागं घेतला. पुन्हा पुढं केला. खाटेखाली शेगडी धगधगत होती आणि बाळाचे तळवे गार होते. तिनं दुपटं बाजूला केलं. बेंबीवर राख लावलेली होती. भोवतीची कातडी लाल होऊन ताणली होती आणि तिला वास येत होता. तिनं तळव्याला टिचकी मारली. बाळाचं तोंड वेडंवाकडं झालं, आवाज निघाला न निघाला, आणि ते पुन्हा झोपलं.

"कमळे, ह्याला भोरला दवाखान्यात न्ये. आत्ताच."

ताकाचा तांब्या घेऊन अंबूबाई दारात आली होती. "काय झालंय त्याला?"

"दूध सोडलंय, वैनी. पाय गार पडल्यात. माझा धाकटाबी असाच पडून ऱ्हायचा. म्याबी म्हनायची, शानं हाय पोर."

अंबूबाईनं तांब्या तिच्या हातात दिला. "ताक घे आन जा, चंद्रे."

चंद्राबाई गेली. अंबूबाईनं मीठमिरच्या घेतल्या, बाळावरून ओवाळल्या, दाराकडं बघून पुटपुटली आणि शेगडीत टाकल्या. दृष्ट असली की ठसका लागत नाही, हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं.

मिरच्या तडतडल्या. खोली धुरानं भरली. अंबूबाई खोकली. कमळा खोकून खोकून वाकली. बाळ मात्र खोकलं नाही.

अंबूबाई शेगडीकडं बघत राहिली. दृष्ट नव्हती.

कमळा उठून बाळाला छातीशी बांधत होती.

"अगं, बारा दिस झाल्याबिगर उंबरा वलांडत न्हाईत. वाटंत काय झालं तर तुज्या सासरच्यांना म्या कंचं तोंड दावू?"

"आन हितं झालं तर कंचं दावशील, आये?"

अंबूबाई बाजूला झाली.

खळ्यावर कुंडलिकनं भाताच्या पेंढ्यांनी भरलेली गाडी नुकतीच आणली होती. बाळंत झालेली लेक उन्हात चालत येताना दिसली, तसा तो गाडीवर चढला. पेंढ्या तिथंच ढकलून गाडी मोकळी केली. कमळानं शेजारच्या दाराकडं बघून हाक दिली, "काकू, तुमीबी चला." या वेळी अंबूबाईनंच सरकून तिला गाडीत जागा केली.

भोरला संस्थानच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाला टेबलावर घेतलं, बेंबी पाहिली, धुतली. सुई टोचली. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना ठेवल्या. चमच्यानं पाणी घातलं, ते ओठांवरून ओघळलं.

"पीत कधीपासून नाही?"

"काल दुपारपासनं," कमळा म्हणाली.

डॉक्टर रागावले नाहीत. "एवढ्याशा बाळाला दुसरं काही सांगता येत नाही, बाई. दूध सोडलं, की तेच त्याचं सांगणं. तेव्हाच उचलून आणायचं."

ऊन कलायच्या आत बाळाचा श्वास थांबला.

परतताना कुंडलिकनं गाडी नदीकाठी उभी केली. दुपटं घेऊन तो खाली उतरला आणि बऱ्याच वेळानं रिकाम्या हातांनी वर आला. कमळाची चोळी दुधानं भिजत होती. चंद्राबाईनं आपला पदर काढून तिच्या खांद्यांवरून पुढं घेतला.

वाडीत सकाळच्याच बायका वाटेवर उभ्या होत्या. गाडीतून कुणी काही सांगायची वेळ आली नाही. थोड्या वेळानं मागून एक जण म्हणाली, "सकाळी चंद्री गेली व्हती न्हवं आत?"

चंद्राबाई खाली बघत गाडीतून उतरली आणि आपल्या घराकडं वळली.

"गेली व्हती," अंबूबाई म्हणाली. "काल पाचवीला तिला आत घेतली असती, तर कालच निघालो असतो."

बायका वाट सोडून बाजूला झाल्या.

दिवेलागणीला चंद्राबाई चुलीपुढं बसली होती. तवा तापवला नव्हता. दारात सारजा येऊन उभी राहिली, पदराखाली पोर. ती आत आली आणि तिनं ते चंद्राबाईच्या मांडीवर ठेवलं.

"उन्हं कलल्यापासनं गप हाय ह्यो. जरा बघा, काकू."

त्या मांडीवर कुणी आपलं लेकरू ठेवून किती वर्षं झाली होती. चंद्राबाईनं चुलीवर हात शेकून घेतले. मग दुपट्याची गाठ सोडली, तसं पोरानं भोकाड पसरलं. शेजारी कमळाच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतकं ते रडलं. सारजानं घाबरून त्याला उचलायला हात पुढं केले.

"ऱ्हाऊ दे," चंद्राबाई म्हणाली. "रडू दे त्याला."