किल्लीची पैज

स्टिअरिंग पुन्हा थरथरलं. जनेलने बाजूच्या सीटवरून ते स्वच्छ पाहिलं.

"उजवीकडे ओढतेय गं," डॅडी म्हणाले. समोर उतार होता, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरी. "पाहिलंस ना?"

जनेलने मान दरीकडे वळवली. बोलणार काय, कपाळ! पैज तिनेच लावली होती.

ही लाल शेव्हेल गाडी डॅडींनी, म्हणजे ऑर्व्हिल टॅकेटनी, एकोणसत्तर साली घेतली, खाणीतल्या कमाईवर. बायको गेली, खाण बंद पडली, गाडी राहिली. आता वर्षभर त्यांचं एकच रडगाणं होतं, की स्टिअरिंग थरथरतं, पुढचं सस्पेन्शन म्हातारं झालंय. आणि वर्षभर जनेल न्याहारीला त्यांच्या हातातला कॉफीचा मग बघत होती. कॉफी टेबलावर सांडायची. मग डॅडी इकडेतिकडे बघून ती गुपचूप बाहीने पुसायचे.

शेवटी तीच म्हणाली होती, "पुढचं सगळं नवं बसवते. चाकं धरणारे आर्म, स्प्रिंगा, शॉक, झाडून सगळं. त्यावरही थरथरलं, तर खोट गाडीत नाही. मग किल्ली माझी."

"आणि नाही थरथरलं तर?"

"तर शंभरीपर्यंत हाणा गाडी. मी आणि तुमचा लेक डॅरेल तोंडातून ब्र काढणार नाही."

डॅडींनी तळहातावर थुंकून तिच्याशी हात मिळवला होता. त्यांना पुरती खात्री होती. जुन्या दणकट गाड्यांचं पुढचं काम करावं तर ऑर्व्हिलच्या पोरीने, असं आसपासच्या चार गावांत म्हणत. पोरीला शिकवलं होतं त्यांनीच. बोल्ट आवळला की त्यावर पिवळी रेघ ओढायची. आर्मचे बोल्ट आधी हलके ठेवायचे आणि गाडी चाकांवर उतरली की मगच शेवटचे आवळायचे.

पुढच्या वळणावर स्टिअरिंगने असा हिसका दिला की जनेलने दार घट्ट धरलं.

"बास! थांबवा डॅडी. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. एकेक गिअर उतरवत गाडी कडेच्या खडीवर आणली आणि अलगद उभी केली.

"पुढचं सगळं नवं आहे, डॅडी," ती म्हणाली. "एकेक बोल्ट माझ्या हातचा आहे. हात तुमचे थरथरतात."

डॅडी स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या ओंजळीत ठेवला आणि गाडीला वळसा घालून पलीकडे येऊन बसले. त्या सीटवर ते जन्मात कधी बसले नव्हते. पट्टा भलत्याच बाजूला चाचपडत राहिले. जनेललाच तो लावून द्यावा लागला.

तिने गाडी काढली. सुटलो एकदाचे, असं वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली. खाली चर्चजवळचं वळण आलं. तिने ब्रेक दाबला.

स्टिअरिंग दाव्याला हिसडे देणाऱ्या वासरासारखं उसळलं, तिच्या हातात. गाडी मधली रेघ ओलांडून गेली. समोरून कोळशाचा ट्रक भोंगा वाजवत आला. देवा रे! तिने सगळा जीव मनगटात आणला. ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला आणि शेव्हेल चर्चच्या अंगणात कशीबशी शिरली.

ती उतरली, गुडघ्यांवर बसली आणि गाडीखाली डोकावली. डावीकडच्या आर्मच्या बोल्टांवर पिवळ्या रेघा होत्या. उजवीकडे एकही नव्हती. एक नट सुटत सुटत शेवटच्या आट्यांवर आला होता.

तिला सगळं आठवलं. सकाळी गाडी चाकांवर उतरवली होती. डावी बाजू आवळून झाली आणि फोन वाजला. भाऊ होता. "आज काहीही कर, पण किल्ली काढून घे," डॅरेल म्हणाला होता. "हात बघितलेस ना त्यांचे?" फोन ठेवून ती बराच वेळ रडली. मग तोंड धुतलं, हत्यारं आवरली आणि डॅडींना हाक मारली. उजवी बाजू तशीच राहिली.

डॅडी मागे येऊन उभे होते. त्यांनीही नट पाहिला.

जनेलने डिकीतून पाना आणला. नट आवळला, पुन्हा आवळला. पिवळी रेघ ओढली, ती वेडीवाकडी आली.

"तुम्हाला कळलं कसं नाही?" ती जवळजवळ ओरडलीच. "गाडी ओढते, हिसके देते. तुम्हीच शिकवलंत ना मला, असं झालं की आधी बोल्ट बघायचा!"

"कळलं होतं की. पहिल्याच वळणाला म्हटलं, बोल्ट सैल आहे." डॅडींनी टोपी काढून कपाळ पुसलं. "मग म्हटलं, छे. जनेलने बसवलंय. तिच्या हातून राहायचं नाही. म्हणजे माझेच हात गेले."

तिने जुडगा त्यांच्यापुढे धरला. किल्ल्या एकमेकींवर आपटून खुळखुळत होत्या, थांबेचनात. डॅडींनी तिचं मनगट हातात धरलं, तेव्हा कुठे तो आवाज थांबला.