ओ न देणारे मास्तर

भूगोलाचे मास्तर जंगलात हरवले, तेव्हा त्यांच्याजवळ एक चाकू, चार काड्या उरलेली काडेपेटी आणि तीस वर्षं वर्गात कमावलेली इभ्रत एवढंच सामान होतं. पहिल्या दोन वस्तू गेल्या तरी चालतील, तिसरी धडपणे घरी न्यायची, असं त्यांनी ठरवलं. भूगोलाच्या मास्तरांना शोधून आणावं लागलं, असं कुणी म्हणता कामा नये.

म्हणून शोधपथकाची "मास्तर, ओ द्या!" अशी आरोळी आली, की ते उलट्या दिशेला धूम ठोकत. तीन दिवस त्यांनी ओढ्याच्या पाण्यावर आणि तुरट रानफळांवर काढले. आरोळ्या काही पाठ सोडेनात.

चौथ्या दिवशी सकाळी ते झाडीतून थेट डांबरी रस्त्यावर आले. समोर जीपला टेकून बायको उभी होती, हातात चहाचा थर्मास.

"माझी वाट मीच काढली," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"अहो, ते काय मला सांगायला हवं?" तिने त्यांच्या हातात कप दिला. मग जीपच्या मागे जाऊन वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"आले बरं का रस्त्यावर. आता ओरडू नका. आणि आपण मुद्दाम त्यांच्या मागूनच ओरडत होतो, हे त्यांना जन्मात कळता कामा नये."