फोटोची पोच

"आजही नाही आला," दादा मोबाइल डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "तुमची कंपनी आहे की चेष्टा?"

अभिषेकने जीपमधली पेटी काढून ओट्यावर ठेवली. देवासहून धामनोदपर्यंत ट्रकांची धूळ खात आला होता बिचारा. "टॉवर बघूनच आलो, दादा. सिग्नल ठणठणीत आहे."

न विचारता लग्न केलं म्हणून दादा मुलावर, अभिषेकवर, गरजले होते, "कामाशिवाय या घराची पायरी चढायची नाही!" घराणं जुनं, शब्द म्हणजे शब्द. नात झाली, वेदिका, तरी हट्ट सुटेना. फक्त म्हणाले, फोटो पाठव. तो येईना, तेव्हा मोबाइल कंपनीत तक्रार ठोकली. या भागातल्या तक्रारी अभिषेककडेच. काम निघालं, म्हणून पायरी चढता आली. आता दर रविवारी चढत होता.

दादा तक्रारही करत आणि सकाळपासून गोवऱ्यांवर कणकेचे बाफलेही भाजत.

"फोटो तुकड्यातुकड्यांनी येतो," जेवताना अभिषेक समजावू लागला. "तुकडा मिळाला की मोबाइल पोच देतो. पोच आली नाही, तर तोच तुकडा पुन्हा पाठवायचा. आता नव्या सेटिंगमुळे वाटेत काही हरवत नाही."

"म्हणजे आहेराची पोच देतो तसंच की. मग माझ्या नातीचंच घोडं कुठे अडलं?"

अभिषेकने खाली मान घालून बाफला कुस्करला. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आवाज असा, की ओसरीभर ऐकू जावा.

"भिया, एक फोटो नहीं पहुँचा पाए? आज शिकायत बंद करो, नहीं तो कल से मत आना!"

"जी, सर."

दादांच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. हात धुऊन ते मोबाइल घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ पाठमोरे उभे होते. वळले ते हसतच.

"आला रे, आला! अगदी तुझ्या आईवर गेलीये पोर. कळव साहेबांना, तक्रार मिटली म्हणावं."

अभिषेक त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याने वाकून पायांना हात लावला.

"सांभाळून जा," दादा म्हणाले. "आता काही काम उरलं नाही."

जीपमध्ये बसून अभिषेकने स्वतःचा मोबाइल उघडला. वेदिका त्यात बोळकं पसरून हसत होती. तिचा फोटो त्याने एकदाही पाठवला नव्हता.